टुटू सोडून हे भलतंच काय? १९०९ ते १९२९ मधले बॅलेचे कपडे

घडीमोड

मंडळी, एक प्रश्न पडलाय. बॅलेतलं मला फार काही कळत नाही, पण जुने कपडे हा माझा छंद, म्हणजे म्युझियमच्या साइटवर जायचं आणि फोटो झूम करकरून शिलाई बघत बसायचं. असंच बघता बघता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधले 'बॅले रूस' या कंपनीचे कपडे समोर आले आणि मी चाटच पडले. १९१३ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चे पोरींचे कपडे बघा, लोकरीच्या कापडाचे घोळदार झगे, त्यावर चौकोन आणि गोल असे छापल्यासारखे रंगवलेले, लांब बाह्या, कंबर कुठे आहे पत्ता नाही. पुढे एक कपडा तर पांढऱ्या फेल्टचा, त्यावर निळे त्रिकोण, डोक्यावर टोपडं, बघून वाटतं अंतराळवीराचा असावा. डिझाइन कोणाचं तर म्हणे मातीस, तोच चित्रकार!

माझ्या डोक्यात बॅले म्हणजे पांढरा टुटू, म्हणजे तो जाळीचा फुगीर घागरा, आणि गुलाबी बूट. मग या वीस वर्षांत टुटू गेला कुठे? कोणी ठरवलं की आता हे नको? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकरीचा झगा घालून नाचायचे कसे हो ते लोक? गुगल केलं की जिकडेतिकडे बॅले रूसचे कपडे काढणाऱ्या बाक्स्ट या चित्रकाराची चित्रं येतात, ती सुंदरच आहेत, पण चित्रातली बाई तर हवेत तरंगतेय, खरी बाई काय करत होती ते कोणी सांगेल का.

जुना_पडदा

छान धागा. जरा मागून सुरुवात करतो, लांबेल, चहा घेऊन बसा.

१९०० च्या सुमाराला बॅलेचं सगळ्यात श्रीमंत घर म्हणजे सेंट पीटर्सबर्गचं मारिइन्स्की थिएटर, झारच्या खजिन्यातून चालणारं. तिथे कपड्यांचा नियम सोपा होता, गोष्ट कुठलीही असो, मुख्य नर्तकी टुटूतच येणार. 'फॅरोची मुलगी' नावाचा बॅले होता, इजिप्तमधला, पण राजकन्या टुटूत, फक्त त्यावर कमळंबिमळं काढलेली. खेडवळ पोरीची भूमिका असली तरी गळ्यात स्वतःचे खरे हिरे. क्षेसिन्स्काया ही त्या वेळची महाराणी, तिचे दागिने आणि तिच्या ओळखी दोन्ही प्रसिद्ध, झार निकोलस गादीवर यायच्या आधी त्यांचं प्रेमप्रकरण होतं.

हिचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०१ मध्ये 'कामार्गो' नावाच्या बॅलेत तिला अठराव्या शतकातला पोशाख होता, म्हणजे घागऱ्याच्या आत दोन्ही बाजूंनी फुगवणारा सांगाडा. बाईंनी सांगाडा घालायला नकार दिला आणि तशाच स्टेजवर गेल्या. डायरेक्टर प्रिन्स वोल्कोन्स्कीने रीतसर दंड ठोकला. बाई थेट झारकडे. झारचा हुकूम आला, दंड रद्द करा. वोल्कोन्स्कीने राजीनामा दिला. म्हणजे एका घागऱ्याच्या सांगाड्यापायी शाही थिएटरांचा डायरेक्टर घरी गेला! कपड्यांवर तेव्हा कोणाचा हुकूम चालायचा ते यावरनं कळतं.

हे फुटायला सुरुवात मॉस्कोत झाली. सावा मामोंतोव्ह या रेल्वेवाल्या शेठने स्वतःची ऑपेरा कंपनी काढली होती आणि तिथे पडदे रंगवायला, कपडे काढायला नेहमीचे थिएटरचे कारागीर न घेता खरेखुरे चित्रकार बसवले. त्यातलेच कोरोविन आणि गोलोविन पुढे मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात गेले. १९०० मध्ये गोर्स्कीने तिथे 'डॉन किहोते' नव्याने बसवला तेव्हा कपडे यांचे, आणि मागच्या घोळक्यातली माणसंसुद्धा एकसारखी रांगेत उभी न राहता बाजारातल्या गर्दीसारखी आपापल्या कपड्यांत वावरायला लागली.

दुसरा धक्का इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीचा. १९०४ च्या डिसेंबरमध्ये ती पीटर्सबर्गला आली, अनवाणी, कॉर्सेट नाही, टाइट्स नाहीत, अंगावर ग्रीक पद्धतीचा झिरझिरीत झगा, आणि शोपांच्या संगीतावर नाचली. मारिइन्स्कीत नाच बसवणाऱ्या तरुण फोकीनवर त्याचा परिणाम झालाच. १९०७ मध्ये त्याने 'युनिस' नावाचा प्राचीन रोममधला बॅले बसवला, त्यात त्याला नर्तक अनवाणी हवे होते. मारिइन्स्कीत ते कसं चालेल? मग त्याने काय केलं, टाइट्स घालायला लावल्या आणि टाइट्सवर पायाची बोटं रंगवून घेतली. नखांसकट!

तर टुटू कोणी हाकलला याचं माझं उत्तर, नाचाच्या बाजूने फोकीन आणि कपड्यांच्या बाजूने चित्रकार. बॅले रूस काढणाऱ्या दियागिलेवने १९०९ मध्ये दोघांना एका गाडीत बसवून पॅरिसला नेलं.

उलटा_टाका

वरचा प्रतिसाद मस्त. मी स्टेजचे कपडे शिवते त्यामुळे मी माझ्या खिडकीतून बघणार.

पहिली गोष्ट म्हणजे घडीमोड, तुमच्या डोक्यातला टुटू, तो ताटलीसारखा आडवा कडक उभा राहणारा, तो १९०० मध्ये नव्हताच. तेव्हाचा टुटू गुडघ्याच्या आसपास येणारा, खाली झुकलेला, टार्लटनच्या थरांचा. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, खळ घालून कडक केलेलं. घामाने आणि दमट हवेने ते मऊ पडतं. नायलॉनची जाळी दुसऱ्या महायुद्धानंतरची, ती आली तेव्हा कुठे टुटू हलका आणि ताठ दोन्ही झाला. आणि वर चोळीत हाडं घातलेली, म्हणजे कंबरेतून फारसं वाकता येत नाही. पाठ ताठ, पाय मोकळे. त्या कपड्यात जो नाच जमतो तोच नाच तेव्हा होता, हे विसरू नका.

आता बाक्स्टने काय केलं तर हाडं काढून टाकली. 'शेहेराझाद', जून १९१०, पॅरिस ऑपेरा. सैल तुमानी, छातीवर छोटी चोळी, मध्ये कंबर आणि पोट मोकळं किंवा कातडीच्या रंगाच्या पातळ कापडाने झाकलेलं, म्हणजे धड आता वळणार, मागे वाकणार, जमिनीवर लोळणार. फोकीनला तेच तर हवं होतं. त्याच महिन्यात 'फायरबर्ड' आला, त्यातले बहुतेक कपडे गोलोविनचे, पण पक्षिणीचा बाक्स्टचा, आणि ती भूमिका करणाऱ्या कार्साविनाला त्याने टुटूऐवजी पिसं आणि पारदर्शक तुमान दिली. पॉइंटवर म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर त्या बॅलेत फक्त पक्षीण नाचते, बाकी राजकन्या वगैरे नाही. कारण ती माणूस नाहीये! मला हे फार आवडतं, बूटसुद्धा भूमिकेप्रमाणे.

जवळून बघितलं तर या कपड्यांचं काम सुबक नाही. रंग स्टेन्सिलने मारलेले, जरीच्या जागी धातूच्या टिकल्या आणि सोनेरी रंग, एका कापडावर दुसऱ्याचे तुकडे कापून लावलेले, टाके लांब लांब. स्वस्तात उरकलं असं नाही, पंधरा-वीस फुटांवरून बारीक भरतकाम दिसतच नाही, ठसठशीत आकार दिसतात. म्हणून घडीमोड, झूम करून बघू नका, उलट लांबून बघा, फोटो बारीक करा, मग कळेल तो रंग तिथे का आहे. आणि अस्तर दाखवणारा फोटो मिळाला तर सोडू नका, आत शाईने नावं लिहिलेली असतात, एक खोडून दुसरं. एकच झगा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या अंगांवर गेलाय. हुकांच्या दोन-दोन रांगा दिसतात, कुठे शिवण सोडवून आत कळी घातलेली, कारण आधीची बारीक आणि नंतरची रुंद.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

सगळं ठीक, पण थोडं थंड पाणी टाकतो. 'शेहेराझाद' म्हणजे पॅरिसला हवं होतं ते पॅरिसला विकलं, एवढंच. जनानखाना, गुलाम, उशा, मोती. तो त्यांचा मुख्य नर्तक निजिन्स्की सोन्याच्या तुमानीत, अंगाला रंग फासून, आणि वर 'सुवर्ण गुलाम'! बाक्स्टचा पूर्व म्हणजे तुर्कस्तान, इराण, भारत, सयाम (आजचं थायलंड) सगळं एका पातेल्यात. १९१२ चा 'निळा देव' बघा, निजिन्स्की म्हणे हिंदू देव, निळा रंगवलेला, डोक्यावर जो मुकुट तो आपल्या कुठल्या देवाचा वाटतो सांगा. आणि लगेच पॅरिसच्या बायका पगड्या आणि तुमानी घालून फिरायला लागल्या. पॉल प्वारे या फॅशनवाल्याने १९११ च्या जूनमध्ये 'एक हजार दुसरी रात्र' म्हणून पार्टी दिली, पाहुण्यांनी पौर्वात्य वेशात यायचं नाहीतर तिथेच कपडे बदलायचे. कलाक्रांती वगैरे म्हणू नका, फॅशन शो होता.

जुना_पडदा

@कोपऱ्यातला_प्रेक्षक पातेल्याबद्दल वाद नाही. पण दोन गोष्टी. मुकुट सयामी वाटतो कारण मूळच सयामी आहे, १९०० मध्ये सयामच्या दरबारचे नर्तक पीटर्सबर्गला येऊन गेले होते आणि बाक्स्ट-फोकीन दोघांवर त्याची छाप पडली. 'निळा देव' पडला तो पडलाच, फार चालला नाही, कपडे मात्र अप्रतिम आहेत, बरेचसे आज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहेत. आणि प्वारे आयुष्यभर सांगत राहिला की मी बाक्स्टकडून काही घेतलं नाही, माझ्या पगड्या त्याच्या आधीच्या. कॉर्सेट त्याने बॅले रूस पॅरिसला यायच्या आधीच काढायला घेतली होती, तेवढं तरी त्याचं खरं आहे. दोघं एकाच वाऱ्याने निघाले म्हणा.

आणि सगळंच खोटं पूर्वेकडचं नव्हतं. पहिल्याच सीझनला 'पोलोव्हेत्सियन डान्सेस' होते, डिझाइन निकोलस रोरिकचं, हो तेच रोरिक जे पुढे कुलूजवळ नग्गरला येऊन राहिले, ज्यांच्या मुलाशी देविका राणीने लग्न केलं. त्यात मध्य आशियातलं खरं इकतचं रेशीम वापरलंय, झगझगीत. 'राइट ऑफ स्प्रिंग'चे झगेही रोरिकचेच. ते हवेतून काढलेले नाहीत, तालाश्किनोला प्रिन्सेस तेनिशेवाकडे रशियन शेतकऱ्यांच्या जुन्या कपड्यांचा संग्रह होता, त्याचा त्यांचा अभ्यास होता.

घडीमोड

देविका राणीचे सासरे!! हे मला आज कळतंय. बरं पण माझा लोकरीचा प्रश्न तसाच राहिला. नाचायचे कसे?

उलटा_टाका

उकडायचं, दुसरं काय. २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, अंगभर लोकर, डोक्यावर टोप्या, केसांच्या लांब वेण्या, आणि वरून निजिन्स्कीच्या उड्या. प्रेक्षकांत आरडाओरडा चाललेला, त्यात ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडतोय. पण एक सांगते, लोकरीचं जड कापड उडी मारल्यावर खाली येताना शरीराच्या मागून येतं आणि धप्प बसतं. त्या नाचाला तेच पाहिजे. पाय आत वळवलेले, गुडघे वाकलेले, जमिनीवर आपटायचं. टुटू वर उचलतो, हा झगा खाली ओढतो. तुम्ही हाच नाच टुटूत करून बघा, हसू येईल. प्रयोग मोजकेच झाले म्हणून कपडे टिकलेही चांगले.

माझा सगळ्यात आवडता कपडा मात्र 'स्पेक्टर ऑफ द रोझ'मधला, एप्रिल १९११, माँटे कार्लो. शिंपी म्हणून बघा काय डोकेदुखी आहे. निजिन्स्की गुलाबाचा आत्मा. अंगाला चिकटून बसणारं रेशमी विणीचं अखंड कापड, गुलाबी-जांभळट, त्यावर रेशमाच्या पाकळ्या. पाकळ्या एकसारख्या नाहीत, काही पूर्ण शिवलेल्या, काही अर्धवट सुटलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या, दंडाला आणि डोक्यालाही पाकळ्या. लायक्रा नव्हतं तेव्हा, विणीचं रेशीम ताणलं की ताणलेलंच राहतं, त्यामुळे प्रयोगाच्या आधी ते त्याच्या अंगावरच टाके घालून बसवायचे. मग तो नाचणार, पाकळ्या गळणार, पुढच्या प्रयोगाआधी परत लावणार. त्याचा नोकर वासिली त्या गळलेल्या पाकळ्या चाहत्या बायकांना विकायचा आणि त्यातून त्याने घर बांधलं अशी दंतकथा आहे, घराची दंतकथा असेल पण पाकळ्या विकल्या असतील यावर माझा विश्वास बसतो.

आणि 'फॉन', म्हणजे ग्रीक-रोमन गोष्टींतला अर्धा माणूस अर्धा बोकड, निजिन्स्कीच, २९ मे १९१२. त्यात तर कपडा आणि कातडी यातली सीमाच पुसली. क्रीम रंगाचं चिकटून बसणारं कापड, त्यावर बाक्स्टने स्वतः हाताने तपकिरी डाग काढले, डाग कापडावर संपायचे आणि उघड्या हातावर मेकअपने चालू राहायचे. कान मेणाने टोकदार केलेले, कमरेला द्राक्षाच्या पानांची माळ, मागे छोटीशी शेपटी, डोक्याला सोनेरी टोपासारखे केस आणि शिंगं. मागच्या अप्सरांचे झगे बारीक चुण्यांच्या पातळ कापडाचे, ग्रीक भांड्यावरच्या चित्रातून उतरल्यासारखे, आणि सगळा नाच कडेने, एका बाजूला तोंड करून.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

पुरुषांच्या कपड्यांवरून झालेला राडा राहिला की. जानेवारी १९११, मारिइन्स्की, 'जिझेल'. निजिन्स्कीने बॅले रूसच्याच बेनुआ या चित्रकाराने काढलेला पोशाख घातला, आखूड अंगरखा आणि खाली टाइट्स. नियम असा की टाइट्सवर आखूड चड्डी घालायचीच, ती याने घातली नाही. प्रेक्षागृहात राजमाता मारिया फ्योदोरोव्हना बसलेली. दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढलं. दियागिलेवला काय, आयताच मिळाला, घेऊन गेला. काही लोक तर म्हणतात ते मुद्दामच घडवून आणलं.

जुना_पडदा

घडवलं की घडलं यावर लोक शंभर वर्षं भांडतायत, आपण नको. पण एक चड्डी नाही म्हणून जगातल्या सगळ्यात मोठ्या नर्तकाला हाकललं आणि त्यामुळे बॅले रूस ही फक्त सुट्टीतली कंपनी न राहता १९११ पासून कायमची कंपनी झाली, त्यात याचा हात आहे. क्षेसिन्स्कायाचा सांगाडा आणि याची चड्डी, दोन्ही वेळा न घातलेल्या कपड्याने इतिहास केला :)

सरळ_रेषा

उशिरा आलो. बाक्स्ट बाक्स्ट काय चाललंय, मजा तर पहिल्या महायुद्धात सुरू होते. १८ मे १९१७, 'पराद', पिकासो. त्यात दोन मॅनेजर आहेत, त्यांच्या अंगावर कागदी पुठ्ठ्याचे, लाकडाचे क्युबिस्ट, म्हणजे तुकड्या-कोनांचे, सांगाडे, जवळजवळ तीन मीटर उंच, अमेरिकन मॅनेजरच्या पाठीवर गगनचुंबी इमारती. आत माणूस आहे आणि तो पाय आपटतोय, एवढंच काय ते नाचणं. तिसरा मॅनेजर घोड्यावर बसलेला पुतळा असणार होता, तो तालमीत खाली पडला, मग नुसताच घोडा ठेवला, दोन माणसं आत. लोकांना घोडा आवडला.

आणि रशियन कंपनीच्या बाहेर बघायचं तर ऑस्कर श्लेमरचा 'ट्रायाडिक बॅले', श्टुटगार्ट, ३० सप्टेंबर १९२२. तीन भाग, पिवळा, गुलाबी, काळा, बारा नाच, अठरा पोशाख. एकीचा घागरा म्हणजे तारेची नुसती वेटोळी, एकाचा पाय म्हणजे भोपळ्यासारखा फुगवलेला. श्लेमरने चक्क पोशाख आधी केले, त्या पोशाखात शरीर काय करू शकतं ते बघून नाच बसवला. काही मूळ पोशाख श्टुटगार्टच्या म्युझियममध्ये आहेत. टुटूची खिल्ली उडवलीय असं वाटतं पण नीट बघा, गोल चकती, मध्ये शरीर, तो टुटूच आहे, भूमितीतला.

घडीमोड

हे सगळं वाचून मला नर्तकांची दया यायला लागलीय. चित्रकाराने कागदावर काढायचं आणि त्यांनी आत घुसमटायचं. कोणी तक्रार केली की नाही?

उलटा_टाका

केली तर! १९२१ चा 'शूट', लारिओनोव्ह या चित्रकाराचे कपडे, आत वेताच्या काड्या घालून वेडेवाकडे आकार दिलेले, जड आणि टोचणारे, नर्तक वैतागले होते. तुम्ही म्हणता तो मातीसचा फेल्टचा कपडा १९२० च्या 'नाइटिंगेल'मधला, शोक करणाऱ्या लोकांचा. त्याला शरीराचा आकार नाहीच, माणूस म्हणजे स्टेजवर सरकणारा पांढरा ठिपका, मातीस कागदावर करतो तेच. तिथे निदान फार उड्या नव्हत्या. १९२७ चा 'ला शात' तर पारदर्शक सेल्युलॉइडसारख्या प्लास्टिकचा, गाबो आणि पेव्हस्नर या दोन शिल्पकार भावांनी केलेला, खाली-मागे काळं चकचकीत मेणकापड. दिव्यात चमकायचं सुरेख, पण अंगाला काय वाटत असेल! आणि 'ब्लू ट्रेन', १९२४, कपडे फॅशनवाल्या कोको शनेलचे. लोकांना वाटतं चित्रकारांच्या हातून सुटले म्हणजे नर्तक सुखी. समुद्रकिनाऱ्यावरचे लोक, विणलेले पोहायचे कपडे, टेनिसवाली, गोल्फवाला, म्हणजे तुम्ही-आम्ही घालतो तसे खरे कपडे. पण खरे कपडे स्टेजवर तितके सोयीचे नसतात. विणलेली लोकर जोडीदाराच्या हातातून घसरते, लिफ्ट करताना पकड कुठे घेणार? त्यातल्या सोकोलोव्हा या नर्तकीच्या कानात तर मोठमोठे खोटे मोती, ते कानावर असे बसायचे की संगीत नीट ऐकू यायचं नाही.

ज्यात नर्तकाच्या बाजूने भांडण जिंकलं गेलं असा एक सांगते, 'ले नोस', जून १९२३. गोंचारोव्हा या चित्रकार बाईने आधी रशियन लग्नाचे रंगीबेरंगी भरजरी कपडे काढले होते. कोरिओग्राफर निजिन्स्का, निजिन्स्कीची बहीण, म्हणाली हे नको. शेवटी काय राहिलं, तपकिरी आणि पांढरा, बस. साधा सराफान म्हणजे रशियन बिनबाह्यांचा झगा, साधा सदरा, म्हणजे जवळजवळ तालमीचे कपडे. माणसांचे ढीग, मनोरे, वेण्या सगळं स्पष्ट दिसतं कारण रंग मध्ये येत नाही. माझ्या मते त्या वीस वर्षांतला हा सगळ्यात शहाणा पोशाख, बाक्स्टप्रेमींनी मारायला यावं.

सरळ_रेषा

+१. बाक्स्टप्रेमी नाही पण मारायला येणारे येतीलच.

जुना_पडदा

आलो :) 'ले नोस' थोर आहे पण 'शेहेराझाद' नसतं तर ते झालंच नसतं. आधी कोणीतरी कपड्याला नाचाचा भाग मानायला लागतं, मग पुढचा त्यातून वजा करतो.

आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाला थोडा धक्का देतो, टुटू गेलाच नव्हता. १९०९ च्या त्याच पहिल्या सीझनला 'ले सिल्फीद' आहे, पांढरे लांब घागरे, अगदी १८३२ च्या ताल्योनी या नर्तकीची आठवण यावी तसे, आणि ते फोकीननेच बसवलंय. म्हणजे त्याचं टुटूशी वैर नव्हतं, तो एवढंच म्हणत होता की इजिप्तला इजिप्तचे कपडे घाला आणि चांदण्यातल्या परीला परीचे. १९१४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून त्याने आपली तत्त्वं मांडली त्याचा गाभा हाच. तिकडे रशियन नर्तकी पावलोव्हा आपली कंपनी घेऊन जगभर फिरत होती आणि तिच्या 'डाइंग स्वान'चा टुटू, पिसांचा, छातीवर लाल खडा, तोही बाक्स्टचाच. जगात बहुतेक लोकांनी पहिला बॅले बघितला तो पावलोव्हाचा, त्यामुळे तुमच्या डोक्यात जे चित्र आहे ते तिथून आलंय. हीच बाई १९२३ मध्ये तरुण उदय शंकरला घेऊन 'राधा-कृष्ण' करते आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरही एक बॅले करते, म्हणजे तिचा पेटारा काही फक्त पांढरा नव्हता.

आणि खुद्द दियागिलेव परत टुटूकडे गेलाच. २ नोव्हेंबर १९२१, लंडनचं अल्हाम्ब्रा थिएटर, 'स्लीपिंग प्रिन्सेस', म्हणजे मारिइन्स्कीत पेतिपाने बसवलेला जुना बॅले, कपडे बाक्स्टचे, राजदरबार, मखमल, शिरपेच, ढीगभर पोशाख, खर्च हाताबाहेर. शंभरावर प्रयोग झाले तरी पैसे निघेनात, तीन महिन्यांत गाशा गुंडाळला, आणि पैसे घातलेल्या ओस्वाल्ड स्टॉलने सेट आणि कपडे सगळे अडकवून ठेवले. दियागिलेवला पॅरिसला तोच बॅले दाखवायचा होता, कपडे नाहीत! मग त्यातला शेवटचा अंक तेवढा 'ऑरोराचं लग्न' म्हणून केला आणि कपडे कुठले, तर १९०९ च्या 'पाव्हियाँ दार्मिद'चे बेनुआचे जुने काढले, त्यात थोडे गोंचारोव्हाचे नवे घातले. म्हणून उलटा_टाका म्हणतात त्या हुकांच्या दोन रांगा.

घडीमोड

हे फार भारी आहे, नवरीचे कपडे जप्त म्हणून जुन्या पेटीतले काढले! मग एवढी जप्ती, एवढे घाम, एवढे दौरे, आणि तरी इतके कपडे शिल्लक कसे राहिले?

जुना_पडदा

दियागिलेव ऑगस्ट १९२९ मध्ये व्हेनिसला गेला, म्हणजे वारला, कंपनी फुटली. कपड्यांचा साठा हात बदलत कर्नल द बासिलच्या कंपनीकडे आला आणि त्यांनी तो वापरून पार घासला. पुढे वर्षानुवर्षं गोदामात पेट्या. १९६७ पासून सदबीजने लंडनमध्ये लिलाव केले, १९६८ च्या लिलावात तर बॅलेच्या शाळेतल्या मुलामुलींना ते कपडे घालून स्टेजवर आणलं होतं, आजच्या म्युझियमवाल्यांना ऐकून घाम फुटेल. लंडनच्या थिएटर म्युझियमसाठी बरेच घेतले गेले, १९७३ च्या लिलावात कॅनबेराने मोठा हात मारला. या कपड्यांची किंमत लोकांना पटवण्यात रिचर्ड बकल नावाच्या समीक्षकाचा मोठा वाटा, त्याने १९५४ मध्ये एडिंबराला दियागिलेवचं प्रदर्शन भरवलं आणि हॉलमध्ये दियागिलेवचं आवडतं मित्सुको अत्तर फवारलं होतं.

आणि एक मुद्दा, दियागिलेव प्रयोगाचं चित्रीकरण करू द्यायचा नाही. फोटो आहेत ते कृष्णधवल, बहुतेक स्टुडिओतले, उभं राहून काढलेले. म्हणजे त्या नाचाचा खरा रंग आणि खरं वजन कळायला कपडे हाच मोठा आधार. हे चित्रांवरनं कळत नाही, बाक्स्टच्या चित्रातली बाई तरंगते हे तुम्ही बरोबर पकडलंय.

उलटा_टाका

चित्र आणि कपडा यांच्यामध्ये जे शिंपी होते त्यांचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेते. पॅरिसला मारी म्युएल नावाच्या बाईंचं वर्कशॉप होतं, बाक्स्टचे बरेच कपडे तिथे झाले. बाक्स्टचं चित्र म्हणजे पारदर्शक दुपट्टा हवेत वळसे घेतोय, तो कशाने शिवलाय, कुठे अडकवलाय, काही लिहिलेलं नाही. त्याचा कपडा करायचा म्हणजे आधी कापड शोधा, मग रंगवा, मग ते नाचताना सुटणार नाही अशा जागी टाचा, आणि चित्रात दिसतं तसं सुटल्यासारखं दिसलंही पाहिजे. घडीमोड, पुढच्या वेळी 'शेहेराझाद'चा फोटो झूम कराल तेव्हा दुपट्ट्याची खांद्यावरची जोड बघा आणि इथे टाका, मला त्यावर बोलायचंय.

घडीमोड

शोधतेय. एक मिळालाय पण खांदा नेमका सावलीत आहे, पाठीचा टाकू का? पाठीवर हुकांच्या खरंच दोन रांगा आहेत.

उलटा_टाका

टाका टाका. आणि बगलेतलाही मिळाला तर बघा, जोड तिथे तिरकी असेल तर हात वर जायला जागा सोडलीय असं समजायचं.